भिंतीवरचे वर्ष

डिसेंबर संपत आला, की मराठी घरातील भिंतीवर एक छोटासा बदल होतो. वर्षभर खिळ्याला लटकलेली दिनदर्शिका खाली उतरते आणि तिच्या जागी कोरी, शाईचा वास असलेली नवी दिनदर्शिका येते. १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघू लागले, तेव्हापासून तिथी, सण, सुट्ट्या, पाककृती आणि आरोग्याचा सल्ला हे सारे एका खिळ्यावर मावू लागले. परंतु दिनदर्शिकेचा खरा उपयोग छापलेल्या मजकुरापेक्षा तारखांच्या चौकोनात उरलेल्या मोकळ्या जागेसाठीच होतो, असे मला वाटते. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, विजेचे बिल, भिशीचा हप्ता, मुलांच्या परीक्षा, हे सगळे त्या मोकळ्या जागेत लिहिले जाते. ज्या घरात रोजनिशी लिहिण्याची पद्धत नसते, त्या घराची रोजनिशी भिंतीवर लटकत असते.

गेल्या वर्षाच्या अखेरीस ही रोजनिशी मी प्रथमच वाचली. त्याला निमित्त झाले माझ्या मुलीचे. ती तिसरीत शिकते. तिच्या वह्यांची कव्हरे फाटली होती आणि जुन्या दिनदर्शिकेची पाने कव्हरांसाठी वापरायची, असे आमच्या घरी ठरलेलेच आहे. आम्ही दोघे जमिनीवर बसून एकेक पान सुटे करीत होतो. ती पानांवरचे बारीक अक्षर मोठ्याने वाचत होती. मध्येच थांबून तिने विचारले, “बाबा, हे सगळं आईनंच लिहिलंय. तुझं अक्षर कुठंय?”

मी बाराही पाने उलटून पाहिली. माझे अक्षर मला एकाच ठिकाणी सापडले. मार्चच्या पानावर, ३१ तारखेच्या चौकोनात, मी लाल पेनने ‘ऑडिट’ असे लिहिले होते.

आमचे कुटुंब चौघांचे आहे. आम्ही डोंबिवलीला राहतो. मी मुंबईत फोर्ट भागातील एका कंपनीत हिशेबनीस आहे. पत्नी ठाण्यातील एका लहान कार्यालयात नोकरी करते. थोरली मुलगी शाळेत जाते. धाकटा मुलगा गेल्या वर्षी दीड वर्षाचा होता आणि शेजारच्या इमारतीतील एका काकूंकडे पाळणाघरात राहत होता. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी घर सोडतो आणि रात्री साडेआठला परततो. आमच्यासारखी कुटुंबे या देशातील प्रत्येक शहरात लाखोंनी असतील. आम्हाला कोणी ‘कसे आहात?’ असे विचारले, तर आमचे उत्तर ठरलेले असते : ‘खूप गडबड चालली आहे.’ हे उत्तर देताना मला थोडासा अभिमानही वाटत असे. गडबड म्हणजे आपण काहीतरी करीत आहोत, पुढे जात आहोत, असा माझा समज होता. मुलीच्या प्रश्नानंतर मी ती बारा पाने पुन्हा सावकाश वाचली, तेव्हा ही गडबड नेमकी कोणाची, हे मला कळले.

जानेवारीच्या पानावर संक्रांतीच्या वाणाचा हिशेब होता. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी परीचा पोशाख भाड्याने आणायची तारीख आणि तो परत करायची तारीखही होती. फेब्रुवारीत माझी आई कऱ्हाडजवळच्या गावाहून यायची होती. त्या दिवशी ‘आईंची गोळी आणणे, खाली गादी’ अशी नोंद होती. मार्चमध्ये धाकट्याचे लसीकरण होते. गोवर-रुबेलाच्या लशीचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लशीचा बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो, याची नोंद तिने आधीच्याच पानावर करून ठेवली होती. त्याच मार्चमध्ये अकरा चौकोनांत ‘तो उशिरा’ असे दोन शब्द होते. आर्थिक वर्ष संपताना मला कार्यालयात थांबावे लागते, हे खरे. पण माझ्या उशिरा येण्याचीही कोणीतरी आगाऊ नोंद करून त्याप्रमाणे घराचे वेळापत्रक हलवीत होते, हे मला ठाऊक नव्हते.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, पाढे आणि उन्हाळी टोपी. मे महिन्यात काकू भाचीच्या लग्नासाठी दहा दिवस कोकणात गेल्या आणि पाळणाघर बंद राहिले. आई थोरलीला घेऊन गावी गेली होती. धाकट्याला कोण पाहणार? त्या दहा दिवसांतील आठ चौकोनांत ‘रजा’ आणि दोन चौकोनांत ‘तो रजा’ असे लिहिले होते. मला आठवते, मी त्या दोन रजा घेतल्या तेव्हा कार्यालयात सर्वांना सांगितले होते, की मी मुलाला सांभाळतो आहे. सहकाऱ्यांनी माझे कौतुक केले होते. तिच्या आठ रजांचे कौतुक कोणी केल्याचे मला आठवत नाही; उलट वर्षअखेरीस तिची रजा शिल्लक नाही म्हणून तिचा दोन दिवसांचा पगार कापला गेला होता.

जूनमध्ये रेनकोट, बुटांचे माप, नवी पुस्तके; आणि ‘आई गावीच : पेरणी’. जुलैच्या एका चौकोनात फक्त ‘पाऊस’ असे होते. त्या दिवशी रुळांवर पाणी साचल्याने गाड्या थांबल्या होत्या. मी कुर्ल्याला अडकलो होतो, ती ठाण्याला. दोन्ही मुले रात्रभर काकूंकडे राहिली. दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात नोंद होती : ‘काकूंना साडी’. उपकाराची ही नोंद वाचून मी काही वेळ थांबलो. मला त्या रात्रीनंतर स्टेशनवरची गर्दी, भिजलेले बूट आणि चुकलेली गाडी एवढेच आठवत होते.

परंतु या सर्व नोंदींपेक्षा एका नोंदीने मला अधिक अस्वस्थ केले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ‘माझी रक्ततपासणी’ असे लिहून पुढे बाण काढला होता. तो बाण मार्चकडे जात होता. मार्चमध्ये पुन्हा तीच नोंद, पुन्हा बाण. एप्रिलमध्ये ‘परीक्षेनंतर’. मे महिन्यात नोंदच नाही. जूनमध्ये ‘रक्त.’ एवढेच अर्धवट अक्षर. ऑगस्टमध्ये ‘गणपतीनंतर नक्की’. वर्षभरात या घरातील प्रत्येकाचे काम वेळेवर झाले होते. धाकट्याची लस चुकली नाही, आईची गोळी चुकली नाही, विजेच्या बिलाला दंड पडला नाही. पुढे ढकलले गेले ते एकच काम, आणि ते लिहिणाऱ्या हाताचे स्वतःचे होते.

सप्टेंबरमध्ये ती ठाणे स्थानकाच्या पुलावर चक्कर येऊन पडली. तेथील अनोळखी स्त्रियांनी तिला बसवले, पाणी दिले आणि मला दूरध्वनी केला. तपासणीत हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. प्रौढ स्त्रीमध्ये ते किमान बारा असावे लागते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आहार सांगितला आणि सहज विचारले, “पायऱ्या चढताना दम लागतो, हे कधीपासून जाणवत होतं?” ती म्हणाली, “साधारण जानेवारीपासून.” मी शेजारीच बसलो होतो. रोज रात्री तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून येणारी, एका हातात पिशवी आणि कडेवर मूल असलेली ही स्त्री धापा टाकते, हे मी पाहत होतो. पण ते मला दिसले नव्हते.

हा केवळ आमच्या घराचा प्रश्न असता, तर मी हा लेख लिहिला नसता. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयोगटातील पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. याची कारणे अनेक आहेत. मासिक पाळी व बाळंतपण यांमुळे स्त्रीच्या शरीराची लोहाची गरज अधिक असते. आहारात लोह कमी असते. आणि अनेक घरांत स्त्री सर्वांच्या शेवटी जेवते. पण आमच्या भिंतीवरील त्या बाणांनी मला आणखी एक कारण दाखवले. जी व्यक्ती सर्वांच्या तारखा सांभाळते, तिच्या स्वतःच्या तारखेला राखणदार नसतो.

घरकामाचे वाटप हा आपल्याकडे नवा विषय नाही. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात स्त्रीला लावायचे माप आणि पुरुषाला लावायचे माप वेगळे का, असा रोखठोक सवाल केला होता. आज त्या मापाला आकडेही मिळाले आहेत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. दिवसाचे चोवीस तास तीस-तीस मिनिटांच्या भागांत वाटून, माणसे त्या त्या वेळी काय करतात, याची नोंद त्यात घेण्यात आली. सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात घरातील बिनमोबदला काम करताना आढळल्या. पुरुषांचे प्रमाण २६.१ टक्के होते. जे हे काम करीत होते, त्यांच्यापैकी स्त्रियांचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे होता. २०२४ मध्ये हेच सर्वेक्षण पुन्हा झाले. तेव्हा स्त्रियांची २८९ आणि पुरुषांची ८८ मिनिटे भरली. दोघांचाही वेळ थोडा कमी झाला. परंतु वजाबाकी करून पाहा. पूर्वीचे अंतर २०२ मिनिटांचे होते, ते २०१ मिनिटांवर आले. पाच वर्षांत एका मिनिटाची प्रगती!

आणि हे झाले हातांनी केलेल्या कामाचे मोजमाप. भांडी घासायला लागलेली वीस मिनिटे मोजता येतात. पण भांडी घासण्याची पावडर संपत आली आहे, हे लक्षात ठेवायला किती मिनिटे लागतात? गाडीत उभ्या उभ्या ‘उद्या मंगळवार, पाणी येणार नाही, आज रात्रीच भरून ठेवायला हवे’ अशी मनातल्या मनात चाललेली उजळणी कोणत्या अर्ध्या तासात मांडायची? लक्षात ठेवणे हेही काम आहे. किंबहुना ते अधिक थकवणारे काम आहे, कारण त्याला सुट्टी नसते. हात थांबतात, पण हे काम थांबत नाही. मी घरी काहीच करीत नव्हतो असे नाही. भाजी आणत होतो, रविवारी धाकट्याला आंघोळ घालत होतो. पण कोणती भाजी, किती, आणि आंघोळीनंतर कोणते कपडे, हे मी तिलाच विचारत होतो. म्हणजे माझे हात काम करीत होते आणि डोके तिचे चालत होते.

यावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यांचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की पूर्वी एकत्र कुटुंबे होती, तेव्हा अशी ओढाताण नव्हती. मी हेच माझ्या आईला म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, “चार बायका होतो घरात. चौघी दमायचो. तुम्हाला ते कळायचं न्हाई, एवढंच.” एकत्र कुटुंबात कामाची विभागणी होती, यात शंका नाही; मुलांना आजी होती, आजारपणात हाताशी माणसे होती. पण ती विभागणी बहुधा स्त्रियांमधलीच होती. कुटुंब लहान झाले, तेव्हा चौघींचे काम एकीवर आले. ते दोघांवर यायला हवे होते.

दुसरा आक्षेप असा, की आता यंत्रे आली आहेत. गॅस आला, मिक्सर आला, कपडे धुण्याचे यंत्र आले. यंत्रांनी श्रम हलके केले, हे मान्यच केले पाहिजे. जाते ओढणे आणि चुलीत फुंकणे ज्यांनी केले आहे, त्यांना याची किंमत विचारावी. परंतु यंत्र केव्हा लावायचे, बिघडले तर कोणाला बोलवायचे आणि तो येईल तेव्हा घरी कोणी थांबायचे, हे यंत्र ठरवत नाही. शिवाय वाचलेला वेळ रिकामा राहत नाही. शाळेचा प्रकल्प, बँकेची कामे, नोकरीतील वाढलेले तास त्या जागी येऊन बसतात.

तिसरा आक्षेप पुरुषांचा असतो, आणि तो माझाही होता : ‘मी मदत करतो की!’ या ‘मदत’ शब्दाकडे जरा नीट पाहावे. मदत दुसऱ्याच्या कामात केली जाते. शेजाऱ्याचे सामान उचलायला आपण मदत करतो. स्वतःचे सामान उचलताना आपण मदत केली असे म्हणत नाही. घर आणि मूल दोघांचे असेल, तर तेथे मदतीचा प्रश्नच येत नाही. तेथे वाटा असतो.

मात्र सगळा दोष घराच्या चार भिंतींत शोधणे योग्य होणार नाही. घर ज्या समाजात उभे आहे, त्याचीही जबाबदारी असते. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेण्यात आली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवण्यात आल्या. माझ्या पत्नीला या रजेचा लाभ मिळाला आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु तिच्या कार्यालयात अठराच माणसे काम करतात. म्हणून तेथे पाळणाघर नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना अपत्यजन्माच्या वेळी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. मला माझ्या कंपनीत तीन दिवस मिळाले. एकीला सहा महिने आणि दुसऱ्याला तीन दिवस अशी सुरुवात झाली, तर मुलाची सगळी माहिती एकाच डोक्यात साठणार, हे उघड आहे. आई ते काम शिकते. बाप पाहुण्यासारखा येतो आणि पुढेही पाहुणाच राहतो.

आमच्यासारख्या नोकरदारांची अडचण मांडताना आणखी एका कुटुंबाची आठवण ठेवली पाहिजे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो तरुण जोडपी ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात. त्यांच्याकडे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत थांबता येत नाही. पहाटे भाकरी थापून फडात जायचे, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायच्या आणि पालावर परतून पुन्हा चूल पेटवायची. आमच्या भिंतीवर ‘खाडा’ म्हणजे दूध न घेतलेला दिवस. त्यांच्याकडे ‘खाडा’ म्हणजे काम बुडाल्याचा दिवस, आणि त्याचे पैसे अंगावर पडतात. आजारी बाईलाही हा खाडा परवडत नाही. लहान मूल फडाच्या कडेला झोळीत असते आणि त्याला राखायला त्याची आठ-दहा वर्षांची बहीण असते. मग त्या बहिणीची शाळा सुटते. घरातील कामाचा जो भार मोठी माणसे वाटून घेत नाहीत किंवा घेऊ शकत नाहीत, तो अखेर घरातील सर्वांत लहान मुलीच्या खांद्यावर येतो. या पाठाच्या वाचकांपैकी काहींची शाळा कदाचित अशाच कारणाने सुटली असेल.

ही गोष्ट ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी ओळखली होती. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. मुले शाळेत येऊ शकत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. लहान भावंडांची सोय झाली, म्हणजे मोठी मुले शिकू शकतात, इतका साधा तो हिशेब होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला. मूल सांभाळणे हे एकट्या आईचे खाजगी काम नसून सर्वांचे काम आहे, असे मान्य करणारी ही वाट आहे. तिच्यावरून आपण काही अंतर चाललो आहोत. बरेच चालायचे राहिले आहे.

मग आम्ही काय केले, असे कोणी विचारील. फार मोठे काही केले नाही. आम्ही कामे वाटण्याऐवजी जबाबदाऱ्या वाटल्या. लसीकरण, डॉक्टर आणि औषधे हे खाते माझ्याकडे आले. याचा अर्थ ‘सांगशील तेव्हा डॉक्टरकडे नेतो’ असा नाही. केव्हा न्यायचे हे मीच लक्षात ठेवायचे, असा आहे. शाळेचे खाते तिच्याकडे राहिले, कारण तिला ते आवडते. स्वयंपाक आठवड्यातून तीन रात्री मी करतो. पीठ, मीठ, तेल संपले की नाही हेही त्या दिवशी मीच पाहतो. सुरुवातीला माझ्या चुका झाल्या. नोव्हेंबरमध्ये आईच्या गोळ्या गावी पाठवायला मी चार दिवस विसरलो. डाळ करपली. अशा वेळी पत्नीने ‘राहू दे, मीच करते’ असे म्हणणे सोपे होते. ती तसे म्हणाली नाही, आणि तिची ही शांतता मला कोणत्याही बोलण्यापेक्षा अधिक उपयोगी पडली. ज्याला चुकण्याची मुभा मिळत नाही, तो शिकत नाही. आणि जो चुकण्याचे निमित्त करून काम टाळतो, त्याला शिकायचेच नसते. हा फरक दोघांनीही ओळखावा लागतो.

आमची गडबड संपली, असे मी म्हणणार नाही. गाड्या अजूनही उशिरा येतात, काकू अजूनही कधी तरी गावी जातात, मार्च महिना दरवर्षी येतोच. पण डिसेंबरात पुन्हा तपासले, तेव्हा तिचे हिमोग्लोबिन अकराच्या जवळ आले होते. ती आता जिना चढताना मध्ये थांबत नाही. काही वेळा वर पोहोचून ती मलाच म्हणते, “किती हळू चढतोस!”

नवी दिनदर्शिका लावताना मुलीने मला पेन आणून दिले. मी फेब्रुवारीचे पान काढले आणि दुसऱ्या आठवड्यातील एका चौकोनात लिहिले : ‘हिची रक्ततपासणी. मी बरोबर जाणार.’ बाण काढला नाही. मुलीने माझे अक्षर निरखून पाहिले आणि ते आईच्या अक्षराइतके चांगले नाही, असा अभिप्राय दिला. ते खरेच आहे. सवयीने सुधारेल.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादी दिनदर्शिका असेल. नसेल तर कोणाच्या तरी मनात ती असेलच. आज सवड काढून तिची पाने उलटून पाहा. त्यात कोणाचे अक्षर आहे, आणि कोणाचे काम बाण काढून पुढे ढकलले गेले आहे, एवढेच पाहा.